अर्धी ओळ

मालवा मिलच्या मागच्या गल्लीतलं दोन खोल्यांचं घर. श्रावणातला पाऊस नुकताच थांबला होता. कोपऱ्यावरच्या नमकीनवाल्याच्या कढईत सेव पडत होती आणि तिचा लवंगेचा वास दारातल्या ओल्या चपलांवरून थेट आत येत होता. घरातला धाकटा मुलगा जाऊन महिना झाला होता, त्यानिमित्त प्रार्थना सभा होती. दहा-बारा माणसं, काही सतरंजीवर, काही पलंगाच्या काठावर. इंदूरात रविवारची उपासना यांच्यासारख्या बहुतेक घरांची हिंदीतच होते, पण घरातलं शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र मराठी. काळं रेक्झिनचं वेष्टन, मिठाईच्या खोक्याची दोरी खूण म्हणून घातलेली, कोपरे मऊ पडलेली पानं. आजीनं ते मांडीवर घेतलं, त्यातल्या निर्गम या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय काढला आणि ओळीखालून बोट फिरवत वाचू लागली. दयाळू व कृपाळू देव. मंदक्रोध. हजारो जणांवर दया करणारा. अन्याय, अपराध व पाप यांची क्षमा करणारा. इथं बोट थांबलं. पुढे स्वल्पविराम होता. तिनं पुस्तक मिटलं. खांद्यावरून वाकून बघणारा नातू, आठवीतला, म्हणाला, "आजी, ओळ अर्धीच राहिली." आजी म्हणाली, "राहू दे."

थोरला मुलगा भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "आई, पुढचंसुद्धा वाचायला पाहिजे. न्याय म्हणजे न्याय. आपल्या इथं अहिल्यामातेनं पोटच्या पोरालासुद्धा सोडलं नाही." कुणी काही बोललं नाही. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं, मग चहा आला.

गेलेल्या मुलाची दारू आणि उधारी त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होती, म्हणून आजी का थांबली ते सगळ्यांना समजल्यासारखं वाटलं. मलाही तसंच वाटलं. पण ती अर्धी ओळ मनातून जाईना.

पुढचा भाग असा आहे: पण अपराधी जनांची मुळीच गय न करणारा, वडिलांच्या दुष्टाईबद्दल पुत्रांचा व नातवांचा तिसऱ्या व चौथ्या पिढीपर्यंत समाचार घेणारा. क्षमा आणि 'मुळीच गय न करणं' एकाच वाक्यात, एकाच दमात. आणि हे वाक्य कुणा संदेष्ट्याचं नाही. इस्राएल लोकांना मिसरातून बाहेर काढणारा मोशे खडकाच्या कपारीत उभा आहे, देवाचा हात त्याच्यावर झाकलेला आहे आणि देव समोरून जाताना स्वतःच स्वतःची ओळख सांगतो आहे. हे कधी घडतं तेही बघायला हवं. सीनाय डोंगराच्या पायथ्याशी पूजेसाठी सोन्याचं वासरू करून झालं आहे, आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या फुटल्या आहेत, वासराचा भुगा पाण्यावर टाकून तेच पाणी लोकांना पाजलं गेलं आहे आणि लेवी वंशातल्या लोकांच्या तलवारींनी सुमारे ३,००० माणसं एका दिवसात पडली आहेत. म्हणजे हे शब्द शांत देवळात उच्चारलेले नाहीत. रक्त अजून वाळलेलं नसताना, दुसऱ्यांदा घडवलेल्या कोऱ्या पाट्या मोशेच्या हातात असताना ते आले आहेत.

'मंदक्रोध' हा आपल्या भाषांतरकारांनी घडवलेला शब्द मला फार आवडतो. मूळ इब्रीत तिथं 'एरेख अप्पाईम' आहे, शब्दशः 'लांब नाकाचा'. इब्रीत नाक आणि राग यांना एकच शब्द. नाक लांब असेल तर ते तापायला वेळ लागतो. मराठीतही राग नाकावरच बसतो, त्यामुळे हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मात्र नाक लांब आहे म्हणजे राग नाहीच असं नव्हे. तो उशिरा येतो, पण येतो.

हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत आधी एकदा येऊन गेलेलं आहे, विसाव्या अध्यायात, दहा आज्ञांमध्ये. तिथं क्रम उलटा आहे. आधी तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतची शिक्षा, मग हजारोंवरची दया; आणि ती दया कुणावर, तर देवावर प्रीती करून त्याच्या आज्ञा पाळणाऱ्यांवर. वासराच्या प्रकरणानंतर तेच शब्द परत येतात तेव्हा दया पुढे सरकलेली असते आणि 'आज्ञा पाळणाऱ्यांवर' ही अट गळलेली असते. कशी टिकणार? आज्ञा पाळणारं त्या छावणीत उरलंच होतं कोण? लोक बिघडले आणि वाक्यातली दया पुढे आली. शिक्षेचा भाग मात्र तसाच राहिला, मागे गेला एवढंच. दोन बाजूंचं वजनही सारखं नाही: इकडे हजार, तिकडे तीन-चार. तराजू म्हणून बघितलं तर काटा केव्हाच एका बाजूला झुकलेला आहे, तरी दुसरं पारडं रिकामं नाही.

ही ओळ तोडणारी आजी पहिली नव्हे.

यहुदी सभास्थानांत सणांच्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशीही, ही वचनं प्रार्थना म्हणून मोठ्यानं म्हणतात आणि तीही वाक्याच्या मध्येच थांबवतात. थांबवण्याची जागा तर आजीच्याही पुढची आहे. मूळ शब्द आहेत 'नक्के लो यनक्के'. इब्रीत क्रियापदाला जोर द्यायचा तर ते दोनदा घालतात: निर्दोष ठरवायचं म्हणून मुळीच ठरवणार नाही. प्रार्थनेत पहिल्या 'नक्के'वर थांबलं की 'लो', म्हणजे 'नाही', बाहेरच राहतं आणि उरतं ते 'निर्दोष ठरवणारा'. दोन शब्द गिळले की अर्थ नेमका उलटा. हे करणाऱ्यांना व्याकरण येत नव्हतं असं कुणी समजू नये. तालमूद या यहुदी गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात याचा उलगडा दिलेला आहे: पश्चात्ताप करणाऱ्याला तो निर्दोष ठरवतो, न करणाऱ्याला ठरवत नाही. एका जोडशब्दाच्या दोन तुकड्यांत त्यांना दोन माणसं दिसली. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रार्थनेला उभा राहिलेला माणूस पहिल्या तुकड्यातला, म्हणून त्याच्यासाठी तेवढाच म्हणायचा.

त्याच दिवशी दुपारी सभास्थानात योनाचं, म्हणजे निनवे शहराला नाशाचा इशारा द्यायला पाठवलेल्या संदेष्ट्याचं, पुस्तक वाचतात, आणि योनानंही ही ओळ तोडलेली आहे. तीही रागानं. निनवेकरांनी गोणपाट नेसलं, देवानं अरिष्ट आणलं नाही, तेव्हा योना चिडून म्हणतो की मला ठाऊकच होतं, तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध, दयेनं भरलेला आणि अरिष्ट आणण्याविषयी मन पालटणारा देव आहेस. मोशेला ऐकू आलेलेच शब्द. 'मुळीच गय न करणारा' जिथं यायचं तिथं त्यानं 'मन पालटणारा' घातलं आहे. आजीनं जे मायेनं केलं ते योनानं तक्रार म्हणून केलं. ज्या शहराच्या सैन्यानं आपल्या माणसांचे हाल केले त्या शहराची गय झालेली त्याला सोसत नाही. त्याला नुसता कोत्या मनाचा ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. ज्याचं घर जळलं आहे त्याला 'क्षमा' हा शब्द कसा ऐकू येतो, ते त्याच्या रागात आहे.

पालटण्यावरून एक गोष्ट. योनाचा निनवेतला सगळा संदेश इब्रीत पाच शब्दांचा आहे: अजून चाळीस दिवस, मग निनवे 'नेहपाखेत'. हे क्रियापद सदोमच्या नाशाला वापरलेलं आहे, उलथून टाकणं या अर्थानं. पण तेच शौल राजाला देवानं दुसरं मन दिलं तिथंही आहे. निनवे उलथेल, किंवा निनवे पालटेल. दोन्ही एकाच शब्दात आहे. चाळीस दिवसांनी निनवे खरोखर पालटली होती. योनाची वाणी खोटी पडली नाही, त्यानं धरलेला अर्थ तेवढा पडला. आणि होशेयच्या अकराव्या अध्यायात देव एफ्राईमला, म्हणजे इस्राएलाला, म्हणतो की मी तुला कसा सोडून देऊ, माझं हृदय माझ्या आत पालटलं आहे. क्रियापद तेच. शहराच्या वाट्याचं उलथणं तिथं देवानं स्वतःच्या काळजावर घेतलेलं दिसतं. ही जागा भरभर वाचून पुढे जाता येत नाही.

याच निनवेबद्दल नहूमाचं छोटंसं पुस्तक आहे, तीन अध्यायांचं. त्यानं उरलेली अर्धी ओळ उचलली. परमेश्वर मंदक्रोध आहे इथपर्यंत तो मोशेच्या शब्दांनी येतो, मग लगेच महापराक्रमी आहे असं म्हणतो आणि 'मुळीच गय करणार नाही' वर जातो. दया, क्षमा हे शब्द त्या वाक्यातून गळालेले. इ. स. पू. ६१२ साली बाबेल आणि मेदी सैन्यांनी निनवे पाडलं. तैग्रीसच्या काठावर, आजच्या मोसुलसमोर त्याच्या टेकड्या आहेत. शास्त्रात ही दोन्ही पुस्तकं एकमेकांना खोडून न काढता शेजारी ठेवलेली आहेत, मध्ये फक्त मीखा. दोन्ही प्रश्नावर संपतात. नहूमाचा प्रश्न असा की तुझ्या दुष्टाईचा त्रास कुणाला झाला नाही? योनाच्या पुस्तकात देव विचारतो की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी १,२०,००० हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं जिथं आहेत, त्या शहराची मी पर्वा करू नये काय? उत्तर दोघांनीही लिहिलेलं नाही. मला हे दोन प्रश्न एकाच खोलीत बसलेल्या दोन भावंडांसारखे वाटतात.

आणि नासरेथ.

येशू आपल्या गावच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथपट उघडतो. एकसष्टावा अध्याय: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष. यशयात वाक्य इथं संपत नाही. लगेच पुढे आहे आमच्या देवाच्या सूडाचा दिवस. येशू त्याआधी थांबतो, ग्रंथपट गुंडाळतो, सेवकाच्या हाती देतो आणि खाली बसतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकनं हे एकेक कृती मोजून लिहिलं आहे: गुंडाळला, दिला, बसला. सगळ्यांची नजर त्याच्यावर खिळलेली. ज्यांना यशया तोंडपाठ होता त्यांच्या कानात ती अर्धी ओळ नक्की वाजली असणार. प्रमाण इथंही तसंच आहे, कृपेचं वर्ष आणि सूडाचा दिवस. पण उरलेला भाग त्यानं पुसून टाकला असं मानून चालत नाही. त्याच लूकमध्ये, एकविसाव्या अध्यायात, यरुशलेमेविषयी बोलताना तो म्हणतो की हे सूडाचे दिवस आहेत, जे लिहिलं आहे ते सगळं पूर्ण व्हावं म्हणून. म्हणजे राहिलेली अर्धी ओळ त्यानं वाचली; शहराकडे बघून रडून झाल्यावर वाचली. रडणं एकोणिसाव्या अध्यायात आहे, सूड एकविसाव्यात. हा क्रम माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. न्यायाची बाजू वाचायला शास्त्रात मनाई नाही. डोळे कोरडे ठेवून वाचणाऱ्यांनी मात्र तिचं मोठं नुकसान केलं आहे.

उलट बाजूनं कात्री चालल्याचीही शंका जुनी आहे. व्यभिचारात धरलेल्या आणि येशूनं दगडांपासून वाचवलेल्या स्त्रीची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात आपण वाचतो, पण चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या मोठ्या हस्तलिखितांत ती नाही. त्याहून जुन्या, योहानाच्या पपायरसच्या प्रतींतही नाही. काही प्रतींत ती योहानाच्या अगदी शेवटी आहे. आणि ग्रीक हस्तलिखितांच्या एका गटात ती लूकच्या एकविसाव्या अध्यायाच्या टोकाला जोडलेली सापडते. सूडाच्या दिवसांचा अध्याय संपला की लगेच. जुन्या काळचे धर्मपंडित ऑगस्टिन यांनी लिहून ठेवलं आहे की, अशी क्षमा वाचून आपल्या बायका बिघडतील या भीतीनं काही अल्पविश्वासी लोकांनी ती काढून टाकली असावी. आजच्या अभ्यासकांचा कल ती मागाहून आत आली असं मानण्याकडे आहे. काहीही असो, ही गोष्ट कुठं ठेवावी हे मंडळीला बराच काळ ठरवता आलं नाही एवढं त्या पानांवरून दिसतं. आणि आपण ती सांगताना अजूनही तोडतो. 'मीही तुला दंड ठरवत नाही' इथं थांबणारे एक, 'यापुढे पाप करू नकोस' एवढंच पोरींना ऐकवणारे दुसरे. दोन्ही वाक्यं एकाच श्वासात, त्याच बाईशी बोललेली आहेत.

थोरल्या मुलानं सांगितलेली अहिल्याबाईंची गोष्टही अर्धीच होती, हे मला रस्त्यात लक्षात आलं. इंदूरात ती लहान मुलांनासुद्धा पाठ असते. त्यांचा मुलगा मालेराव याच्या रथाखाली गाईचं वासरू गेलं. आईच्या देखत लेकरू मारणाऱ्याला त्याच तऱ्हेनं मृत्यू, असा निवाडा झाला. कुणी सारथी तयार होईना तेव्हा अहिल्याबाई स्वतः रथावर चढल्या. थोरला इथं थांबला होता. पण राजवाड्याजवळच्या त्या बाजाराला 'आडा बाजार' हे नाव पुढच्या अर्ध्या गोष्टीवरून पडलं असं सांगतात: जिचं वासरू गेलं तीच गाय पुन्हा पुन्हा रथाच्या आड येऊन उभी राहिली. ही दंतकथाच, मालेराव १७६७ साली आजारपणात वारले. पण एका शहरानं आपल्या न्यायाची गोष्ट सांगताना बाजाराला नाव न्यायाधीशाचं दिलं नाही, आड येणाऱ्या गाईचं दिलं, हे खरं आहे. निवाडा चुकीचा होता असं गोष्टीत कुणीच म्हणत नाही. जिच्यावर अन्याय झाला तीच मध्ये उभी राहिली म्हणून रथ थांबला.

शास्त्रातही क्षमेची वाट बहुधा अशीच जाते. स्तोत्र १०६ म्हणतं की मोशे खिंडारात उभा राहिला, म्हणजे देवाच्या आणि लोकांच्या मध्ये. गणनाच्या चौदाव्या अध्यायात तो पुन्हा उभा राहतो आणि देवाला त्याचीच ही ओळ म्हणून दाखवतो. विशेष म्हणजे तो ती फारशी तोडत नाही. 'मुळीच गय न करणारा' आणि तिसरी-चौथी पिढी सुद्धा म्हणतो, आणि मग क्षमा मागतो. उत्तर मिळतं की तुझ्या शब्दाप्रमाणे मी क्षमा केली आहे. त्याच उत्तरात पुढे आहे की देश हेरायला गेलेल्या चाळीस दिवसांबद्दल चाळीस वर्षं, आणि ती पिढी रानातच पडेल. क्षमा झाली आणि परिणामही राहिले. यहेज्केलच्या बाविसाव्यात देव स्वतः असा मध्ये उभा राहणारा शोधतो आणि त्याला कुणी सापडत नाही. ख्रिस्ती वाचक तिथून सरळ वधस्तंभाकडे जातो. देव स्वतः न्यायी राहतो आणि पाप्याला न्यायी ठरवतोही, हे पौलानं रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात एकाच वाक्यात बसवलं. ज्याच्याविरुद्ध अपराध घडला तोच आड आला, असं इंदूरच्या मराठीत त्याचं भाषांतर व्हावं.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून सुटलीच असती. आजी मुलासाठी थांबली असं आम्ही धरलं. पण मुलगा तर गेलेला होता. पुढच्या ओळीत नाव होतं ते पुत्रांचं आणि नातवांचं. ते ऐकायला तिच्या खांद्याला हनुवटी लावून आठवीतला पोरगा बसला होता. जुन्या काळी तीन-चार पिढ्या एका छपराखाली राहत. कर्त्यानं घर बुडवलं की सगळ्यांच्या ताटातली भाकरी जायची, हे त्या वचनात आहे. गेलेल्याच्या या पोरानं ते अनुभवलंही होतं. बापाच्या पापासाठी मुलाला दोष नाही, हे यहेज्केल अठराव्या अध्यायात स्पष्ट सांगतो. पण ते पान त्या संध्याकाळी उघडलेलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आजीनं तेच पान काढलं आणि पुस्तक नातवाच्या मांडीवर ठेवलं. "पूर्ण वाच," म्हणाली. तो अडखळत वाचत 'समाचार घेणारा आहे' पर्यंत आला आणि थांबला. देवळात हिंदीतून त्यानं हेच वचन ऐकलेलं असणार, आणि तिथं सरळ 'दण्ड' आहे. आपल्या मराठी शब्दाला दोन तोंडं आहेत. समाचार रागानंही घेतात, आणि आजाऱ्याचाही घेतात. मूळ इब्री 'पाकद'लाही तशीच दोन आहेत. सारेला मूल झालं तेव्हा, रूथच्या गोष्टीत दुष्काळानंतर भाकर मिळाली तेव्हा, देवानं त्यांना 'पाकद' केलं असंच लिहिलं आहे. आणि मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायासनावर बसलेला राजा उजवीकडच्यांना म्हणतो ते असं: मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात.

यातलं आजीला किती ठाऊक होतं ते मी विचारलं नाही. तिनं नातवाला एवढंच विचारलं, "मी एमवाय इस्पितळात होते तेव्हा समाचाराला कोण कोण आलं होतं?"

पोरानं बोटं मोजली. काका. पाळकसाहेब. समोरच्या मामी, डबा घेऊन. बाबा रोज रात्री, जिन्यात बसायचे.

"तसं," आजी म्हणाली. "वाच पुढं."

त्यानं पुढची ओळ वाचली. मोशेनं त्वरेनं भूमीपर्यंत लवून नमन केलं.